जर्मनच्या पातेल्याचे बूड: हलके ॲल्युमिनियम इंडक्शन शेगडीवर कसे चढले? (थ्रेड)

१/
१९५० च्या दशकाचा मध्य. जनरल मोटर्स कंपनीचे एक फिरते प्रदर्शन उत्तर अमेरिकेत हिंडत होते. त्यात कंपनीच्या फ्रिजिडेअर विभागाने एक नवलाची शेगडी मांडली होती. शेगडीवर वर्तमानपत्राचा कागद पसरायचा, त्यावर पाण्याचे भांडे ठेवायचे. काही वेळाने पाणी उकळू लागे. कागद मात्र जळत नसे.

२/
प्रेक्षक कागदाकडे पाहत राहिले. खरा चमत्कार मात्र भांड्याच्या बुडात घडत होता. त्या शेगडीत ज्योत नव्हती, निखारा नव्हता, लालबुंद होणारी तारही नव्हती. उष्णता भांड्याच्या धातूतच निर्माण होत होती. त्या जागी घरोघरी असते तसे हलके ॲल्युमिनियमचे पातेले ठेवले असते, तर पाणी बहुधा कोमटही झाले नसते.

३/
विसाव्या शतकात सर्वसामान्यांच्या स्वयंपाकघरात सर्वाधिक पसरलेला धातू आणि त्याच शतकात जन्मलेली नवी शेगडी यांचे मुळातच जमत नव्हते. ते जमवण्यासाठी पन्नास वर्षे खटपट झाली. त्या खटपटीचा हा इतिहास. त्यात एक जुना प्रश्नही दडलेला आहे: चूल बदलते तेव्हा भांड्यांचा खर्च कोण सोसतो?

४/
आरंभ धातूपासून. १८२५ मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेडने ॲल्युमिनियम प्रथम वेगळे काढले. १८५४ मध्ये फ्रान्सच्या सेंट-क्लेअर देव्हिलने ते अधिक प्रमाणात मिळवण्याची रीत शोधली आणि १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात हा धातू दुर्मीळ वस्तू म्हणून मांडला गेला. १८८४ मध्ये वॉशिंग्टन स्मारकाच्या शिखरावर ॲल्युमिनियमचे टोक बसवले, तेही प्रतिष्ठेची खूण म्हणून. तोवर हा स्वयंपाकघराचा धातू नव्हता.

५/
१८८६ मध्ये चित्र पालटले. अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोन तरुणांनी, एकमेकांना न ओळखता, विजेच्या साह्याने ॲल्युमिनियम वेगळे करण्याची एकच पद्धत शोधून काढली. दोघांचीही वये तेव्हा जेमतेम २२-२३ वर्षांची. किंमत वेगाने उतरली. आता प्रश्न होता, एवढ्या धातूचे करायचे काय? त्याचे एक मोठे उत्तर होते भांडी.

६/
भारतात हे उत्तर फार लवकर पोहोचले. मद्रासच्या कलाशाळेचे अधीक्षक आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १८९८ मध्ये तेथे ॲल्युमिनियमची भांडी घडवण्याचा प्रयोग सुरू केला. तांब्या-पितळेचे काम करणाऱ्या कारागिरांच्या हातांना नवा धातू द्यावा, असा त्यांचा विचार होता. प्रयोग यशस्वी झाला आणि १९०३ मध्ये तो व्यवसाय मद्रासच्याच एका खासगी कंपनीकडे सोपवण्यात आला.

७/
ॲल्युमिनियमने ज्यांची जागा घेतली, त्यांचा संसार आठवावा लागेल. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्या-पितळेची भांडी ठोक्याठोक्याने घडत. हे भांडे जड, महाग आणि पिढीजात. त्यात आंबट पदार्थ कळकू नये म्हणून आतून कल्हई लागे. कल्हईवाला दारावर येई, भाता लावी, भांडे तापवून नवसागर टाकी आणि कथलाचा हात कापसाच्या बोळ्याने क्षणात फिरवी. काळेकुट्ट भांडे चांदीसारखे उजळे.

८/
ॲल्युमिनियमला कल्हई लागत नव्हती. त्याची घनता तांब्याच्या एक तृतीयांशाहून कमी. उष्णता मात्र ते झरझर पसरवते. पातळ पत्र्याचे पातेले एका हाताने उचलता येई, भराभर तापे, इंधन वाचवी आणि कमी मिळकतीच्या घरालाही परवडे. पोचे पडत, ते काळवंडे, तरीही ते घराघरात शिरले. महाराष्ट्रात त्याला नाव पडले ‘जर्मन’, कुठे ‘जर्मल’. ‘जर्मन सिल्व्हर’ हा मिश्रधातू वेगळाच. त्यात चांदीही नसते आणि ॲल्युमिनियमही नसते.

९/
१९४३ मध्ये केरळातील अलवाय येथे देशातच ॲल्युमिनियम तयार होऊ लागले. १९६२ मध्ये उत्तर प्रदेशातील रेणुकूटचा कारखाना सुरू झाला. पुढे बेळगावातही ॲल्युमिनियमचा उद्योग उभा राहिला. ‘हिंडालियम’ हे मिश्रधातूचे नाव कढयांच्या दुकानांत रुळले. १९५९ नंतर देशी बनावटीचे प्रेशर कुकर आले, तेही बहुतांश ॲल्युमिनियमचेच. चूल, कोळशाची शेगडी, रॉकेलचा स्टो, गॅस: इंधने बदलत गेली, पण जर्मनचे पातेले प्रत्येकावर चढले.

१०/
याचे कारण साधे होते. ज्योतीला धातूशी कर्तव्य नसते. तांबे असो, लोखंड असो वा मातीचे मडके. ज्योत बाहेरून तापवते आणि भांडे ती उष्णता आत पोहोचवते. हजारो वर्षांच्या स्वयंपाकात हा नियम अबाधित होता. इंडक्शनने तो प्रथमच मोडला. येथे धातूचा स्वभाव पाहूनच उष्णता निर्माण होते किंवा होत नाही.

११/
या स्वभावाचा शोध एकोणिसाव्या शतकातला. १८२४ च्या सुमारास फ्रान्सच्या आरागोने पाहिले की तांब्याची तबकडी फिरवली, तर तिच्यावर टांगलेली चुंबकसूचीही ओढली जाते. तांबे तर चुंबकाला चिकटत नाही, मग हे कसे? १८३१ मध्ये मायकेल फॅरेडे यांनी उत्तर दिले: बदलते चुंबकीय क्षेत्र धातूत विद्युतप्रवाह जागवते. १८५५ मध्ये फुको यांनी चुंबकाच्या ध्रुवांमध्ये फिरणारी तबकडी तापते, हे दाखवले. धातूत फिरणाऱ्या या भोवऱ्यांसारख्या प्रवाहांना आजही त्यांचे नाव दिले जाते.

१२/
इंडक्शन शेगडीत काचेखाली तांब्याच्या तारेचे सपाट वेटोळे असते. त्यातून सेकंदाला वीस-पंचवीस हजार आवर्तने करणारा प्रवाह जातो. वर ठेवलेल्या बुडात भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात, धातू त्यांना विरोध करतो आणि त्या विरोधातून उष्णता निर्माण होते. म्हणजे विरोध हवाच. विरोध नसेल, तर प्रवाह कितीही फिरला तरी ऊब येणार नाही.

१३/
ॲल्युमिनियम अडते ते येथेच. लोखंडाच्या मानाने ते वीज फार सहज वाहून नेते. त्यातच लोखंड चुंबकीय असल्याने २४ किलोहर्ट्झला प्रवाह पोलादाच्या साधारण ०.१ मिलिमीटर थरात दाटून राहतो. ॲल्युमिनियममध्ये तो सुमारे अर्ध्या मिलिमीटरपर्यंत पसरतो. रुंद रस्ता, शिवाय गुळगुळीत. वेटोळ्यातील प्रवाह तेवढाच ठेवला, तर पोलादी बुडात जितकी उष्णता निर्माण होते, तिचा साधारण चाळिसावा हिस्साच ॲल्युमिनियमच्या वाट्याला येतो.

१४/
मग प्रवाह वाढवता येणार नाही का? वाढवला, तर भांड्याऐवजी शेगडीचे वेटोळे आणि आतील इलेक्ट्रॉनिक भाग तापू लागतात. म्हणूनच आजची साधी शेगडी असे भांडे ठेवताच ते ‘ओळखत’ नाही, टिकटिक वाजवते आणि बंद पडते. ती बिघडलेली नसते. आपले नुकसान होण्याआधी ती थांबते.

१५/
अडचण एवढ्यावर संपत नाही. १८८७ मध्ये अमेरिकन अभियंता एलिहू थॉमसन यांनी प्रत्यावर्ती प्रवाहाच्या चुंबकाने धातूचे कडे दूर फेकले जाते, हे दाखवले. महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत उडणारे ॲल्युमिनियमचे कडे ज्यांनी पाहिले असेल, त्यांना हा प्रयोग आठवेल. तीच शक्ती पातेल्यावरही काम करते. लोखंडाला चुंबक आपल्याकडे ओढतो. ॲल्युमिनियमला मात्र बदलते क्षेत्र दूर ढकलते. हलके भांडे काचेवर सरकू लागते, प्रसंगी उचललेही जाते. जो हलकेपणा त्याचा गुण होता, तोच येथे दोष ठरला.

१६/
आता पुन्हा अमेरिका. १९७१ मध्ये ह्यूस्टन येथील गृहबांधणी व्यावसायिकांच्या अधिवेशनात वेस्टिंगहाउस कंपनीने ‘कूल टॉप २’ नावाची इंडक्शन शेगडी दाखवली. मोटारींच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनसाठी बनलेले ट्रान्झिस्टर तिच्यात २५ किलोहर्ट्झचा प्रवाह निर्माण करण्यासाठी वापरले होते. १९७३ ते १९७५ या काळात तिचे उत्पादन झाले. किंमत १,५०० डॉलर. या किमतीत एक गोष्ट मुद्दाम समाविष्ट होती: भांड्यांचा संच.

१७/
त्या भांड्यांची घडण पाहण्याजोगी होती. बाहेरून आत असे चार थर: स्टेनलेस स्टील, साधे पोलाद, ॲल्युमिनियम आणि पुन्हा स्टेनलेस स्टील. पोलादाने उष्णता निर्माण करायची आणि ॲल्युमिनियमने ती सर्वत्र सारखी पसरवायची. ज्या धातूला नव्या शेगडीने नाकारले होते, त्याला पोटात घेतल्यावाचून तिचा स्वयंपाक नीट होत नव्हता. नुसते पोलाद वेटोळ्याच्या वरच तापते आणि अन्न तेवढ्याच वर्तुळात बुडाला लागते.

१८/
वेस्टिंगहाउसने येथे एक सत्य मान्य केले होते. इंडक्शनमध्ये भांडे हा शेगडीचाच भाग असतो. म्हणून भांडी दिल्यावाचून शेगडी विकणे म्हणजे अर्धीच वस्तू विकणे. मात्र हा संच श्रीमंत घरासाठी होता. हलके, स्वस्त, पातळ ॲल्युमिनियम वापरणाऱ्या घराचे काय, याचे उत्तर त्यात नव्हते. पुढे त्यासाठी दोन वाटा निघाल्या: एक शेगडी बदलण्याची, दुसरी भांडे बदलण्याची.

१९/
पहिली वाट जपानने धरली. तेथे ‘युकिहिरा’ नावाचे ठोक्याठोक्यांच्या नक्षीचे हलके ॲल्युमिनियमचे भांडे घरोघरी असते. २००० नंतरच्या दशकात तेथील मात्सुशिता, म्हणजे आजच्या पॅनासॉनिक कंपनीने सर्व धातूंवर चालणारी शेगडी बाजारात आणली. युक्ती वारंवारितेची: ६० किलोहर्ट्झ वा त्याहून अधिक. वारंवारिता चौपट केली की प्रवाहाचा थर निम्मा होतो आणि विरोध दुप्पट होतो. शिवाय वेटोळे आणि विद्युतमंडलही नव्याने रचावे लागले.

२०/
शेगडी यशस्वी झाली, पण महाग पडली. फार हलकी भांडी तिच्यावर सरकण्याचा प्रश्न उरलाच, आणि पोलादी भांड्याइतकी कार्यक्षमता ॲल्युमिनियमला लाभली नाही. निसर्गनियमाशी तडजोड झाली होती, त्याच्यावर मात झाली नव्हती. जगाच्या बहुतेक बाजारांनी म्हणून दुसरी वाट निवडली: शेगडी तशीच ठेवायची आणि पातेल्याच्या बुडाला पोलाद जोडायचे.

२१/
ऐकायला सोपे वाटते. करताना मात्र दोन धातू भांडतात. २० सेंटिमीटर व्यासाचे बूड १५० अंशांनी तापले, तर ॲल्युमिनियम सुमारे ०.७ मिलिमीटर फुगते. चुंबकीय स्टेनलेस स्टील जेमतेम ०.३. प्रत्येक स्वयंपाकात ही ओढाताण होते. वरवर चिकटवलेली चकती काही दिवसांत सुटते, किंवा पातळ बूडच वाकडे होऊन काचेवर डगमगू लागते. बूड काचेपासून जितके दूर, तितकी उष्णता कमी.

२२/
यावर निघालेला तोडगा आजच्या भांड्याच्या बुडावर उघड दिसतो. भोके पाडलेली पोलादी चकती बुडावर ठेवून प्रचंड दाबाच्या प्रेसखाली दाबतात. मऊ ॲल्युमिनियम त्या भोकांत शिरते, पसरते आणि शेकडो ठिकाणी चकतीला पकडून ठेवते. बुडावर दिसणारी ठिपक्यांची वर्तुळे शोभेसाठी नसतात. तेच ते सांधे. पोलाद तापते, भोकांतून वर आलेले ॲल्युमिनियम उष्णता उचलते आणि पातेले पुन्हा पूर्वीसारखे काम करू लागते.

२३/
यासाठी बूड मात्र जाड लागते. इतक्या दाबाखाली मिलिमीटरभर पत्रा टिकत नाही. त्यामुळे इंडक्शन बेसचे ॲल्युमिनियम पातेले जुन्या भावंडापेक्षा जड आणि महाग असते. धातूचा चुंबकीय थर फवाऱ्याने चढवण्याची रीतही आहे, तीही कारखान्याचीच. दुसरा उपाय म्हणजे भांड्याखाली ठेवण्याची सुटी लोखंडी चकती. ती चालते, पण मग तापते चकती आणि भांडे तिच्यावर बसून राहते. इंडक्शनचा वेग आणि बचत दोन्ही त्यात हरवतात.

२४/
या तांत्रिक गोष्टीचे राजकारण दक्षिण अमेरिकेत दिसले. २०१४ मध्ये इक्वेडोरच्या सरकारने गॅसच्या अनुदानाचा भार कमी करण्यासाठी सुमारे ३० लाख घरांत इंडक्शन शेगड्या नेण्याची योजना आखली. वीज नव्या जलविद्युत प्रकल्पांतून येणार होती. स्वयंपाकासाठी महिन्याला ८० युनिट वीज मोफत दिली जाणार होती. शेगडीबरोबर चालणारी भांडीही हप्त्यांवर मिळत. भांड्यांचा विचार झाला होता, हे त्या योजनेचे शहाणपण.

२५/
तरीही योजना उद्दिष्टापासून बरीच मागे राहिली. गॅसचा १५ किलोचा अनुदानित सिलिंडर १.६० डॉलरलाच मिळत राहिला. स्वस्त ज्योत शेजारी असताना नवी शेगडी, नवी जोडणी आणि नवी भांडी असा तिहेरी बदल करण्यास अनेक घरे राजी झाली नाहीत. घरातली सगळी भांडी एका दिवसात जुनी ठरवणे हे हिशेबाच्या वहीत सोपे, फडताळासमोर उभे राहिल्यावर अवघड.

२६/
भारतात हा क्षण २०१२ मध्ये आला. सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने अनुदानित सिलिंडरची मर्यादा वर्षाला सहावर आणली. (पुढे ती नऊ आणि मग बारा झाली.) शहरी घरांत इंडक्शन शेगडीची मागणी वाढली. अनेकांना घरी आल्यावर कळले की रोजचा कुकर, दुधाचे पातेले, गोल बुडाची कढई, यांतले काहीच नव्या शेगडीवर चालत नाही. भांड्यांच्या दुकानात लोक चुंबक घेऊन जाऊ लागले. कुकरच्या खोक्यांवर ‘इंडक्शन बेस’ हे शब्द ठळक झाले.

२७/
इतिहासाच्या दृष्टीने येथे एक तुलना मोलाची आहे. पितळेचे भांडे कळकू लागले, तर ते टाकावे लागत नसे. कल्हईवाला दारात येई आणि तेच भांडे पुन्हा वापरात येई. त्याचे साहित्य एका झोळीत मावत असे. जर्मनच्या पातेल्याला इंडक्शनचे बूड लावणारा असा कोणी दारावर येऊ शकत नाही. कारण त्याला झोळीऐवजी अवजड प्रेस लागेल आणि जुन्या पातेल्याला नसलेले जाड बूड लागेल.

२८/
मोडीचा हिशेबही बदलतो. शुद्ध ॲल्युमिनियम भंगारात सहज खपते. ते वितळवून पुन्हा वापरण्यास नव्या धातूच्या सुमारे पाच टक्केच ऊर्जा लागते. म्हणूनच पोचे पडलेले जर्मनचे पातेले ही गरीब घराची लहानशी ठेवही होती. ज्याच्या बुडात पोलाद घट्ट रुतले आहे, ते भांडे आधी वेगळे करावे लागते. जो सांधा सुटू नये म्हणून एवढे कष्ट घेतले, तोच येथे अडचण होतो.

२९/
याचा अर्थ इंडक्शन वाईट, असा नाही. धूर नाही, काजळी नाही, घरात उघडी ज्योत नाही. उष्णतेचा फार मोठा भाग थेट भांड्यात जातो. चुलीच्या धुराने ज्यांचे डोळे गेले, त्या पिढ्यांसमोर या लाभांना कमी लेखणे अन्यायाचे ठरेल. मुद्दा इतकाच की शेगडीची किंमत सांगताना बुडाची किंमत सांगितली जात नाही. १९७३ मध्ये वेस्टिंगहाउसने ती किमतीत धरली होती, २०१४ मध्ये इक्वेडोरने हप्त्यात धरली. जेथे कोणी धरत नाही, तेथे ती घर चालवणाऱ्या व्यक्तीच्या वाणसामानाच्या पैशांतून जाते.

३०/
शंभर वर्षांपूर्वी स्वस्त आणि हलक्या ॲल्युमिनियमने तांबटाच्या जड भांड्याला फडताळाच्या वरच्या फळीवर नेऊन ठेवले. आज अनेक घरांत त्याच फळीवर जर्मनची पातेली जाऊन बसली आहेत. खालच्या ओट्यावर त्यांचीच धाकटी भावंडे आहेत: वरून ॲल्युमिनियम, बुडाशी पोलाद. पुढच्या वेळी असे एखादे भांडे घासताना ते उलटे करून बुडावरचे ठिपके पाहावेत. दोन शतकांचे विज्ञान आणि एका घराचा खर्च, दोन्ही तेथे दाबून बसवलेले आहेत.

(थ्रेड समाप्त)